अंदाजपंचे

तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत
ऑल्डरसन टेकूवर हनुवटी ठेवतात,
न्हाव्याकडे ठेवावी तशी, मुकाट.
पडद्याच्या मधोमध बारीक फुली.
तिच्यावरून नजर हलवायची नाही.
डाव्या अंगाला ठिपक्यांचा थवा सरकतो
कधी वर, कधी खाली,
आणि तिथे त्यांना काहीच दिसत नाही.

डोळे धडधाकट आहेत.
मेंदूच्या पार मागे, मानेच्या जरा वर,
अक्रोडाएवढी जागा विझली
गेल्या फेब्रुवारीत, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करताना.
तेव्हापासून मॉरीन सोफ्यावर डावीकडे बसली
की फक्त तिचा आवाज उरतो.

“वर की खाली?”
“दिसलं नाही, पेट.”
“तरी सांगा.”
मग त्यांच्या न्यूकासलच्या बोलीत
अंदाजपंचे दाहोदरसे म्हणावं असं काही पुटपुटतात
आणि बटण दाबतात.

(पेट म्हणजे इकडे बाळ, पोरी.
पहिल्या दिवशी मला वाटलं,
हा म्हातारा मला पेटायला सांगतोय.)

सहाशे वेळा. मग चहा, आल्याची बिस्किटं.
मग पुन्हा सहाशे.
शंभरात एक्क्याऐंशी बरोबर.
मी आकडा सांगत नाही, प्रयोग संपेपर्यंत सांगायचा नसतो,
आणि ते टोपी चुरगाळत म्हणतात,
तुझा वेळ फुकट घालवतोय मी.

कराडला बाबांचं चष्म्याचं दुकान.
भिंतीवर तक्ता, वरती भलामोठा ग,
तळाशी मुंग्या.
दर रविवारी फोनवर तोच मुद्दा:
भिंग बदलून भागत नाही?
नाही, बाबा.
मग तू बरं करतेस का त्यांना?
नाही.
मग?
इथे रेंज जाते.
एकदा खरंच गेली होती.

माझं कंत्राट एकतीस मार्चला संपतं,
व्हिसा त्याच्या शेपटीला बांधलेला.
फिओना म्हणते, नव्या अनुदानाचं मे महिन्यात कळेल.
एप्रिल कसा काढायचा ते कुणीच म्हणत नाही.
दुसऱ्या परीक्षकाने लिहिलंय:
एका माणसावरून काय सिद्ध होतं?
मी अतिशय नम्र उत्तर लिहिते, चार पानी,
त्यात ऑल्डरसन उरतात
‘न. ऑ., पुरुष, वय त्र्याहत्तर, उजवा हात’ एवढेच.

शेवटचं सत्र लवकर आटपलं.
नदीवर जाऊ या, म्हणाले, पक्षी आले असतील.
टाइनच्या पुलाखाली, पोलादाच्या कडांवर
समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, खाली फुटपाथ पांढराशुभ्र.
ऐन पंचविशीत या पुलाला
दोन उन्हाळे रंग दिला होता त्यांनी,
दोरावर लोंबकळत. ते सांगत होते,
आणि डावीकडून, त्यांच्या विझलेल्या बाजूने,
एक पक्षी सूं करत डोक्याजवळून गेला.

ते वाकले.
टोपीवर हात.
“काय दिसलं?” मी जवळजवळ ओरडलेच.
“कुठे काय?”
“तुम्ही वाकलात.”
“वाकलो?”
टोपीवरचा हात त्यांनी खाली आणला
आणि बघत राहिले त्याच्याकडे,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसे.

माझ्याकडे ना फुली होती, ना पडदा, ना बटण.
हे कुठल्याच तक्त्यात बसणार नाही.
कदाचित पंखांचा आवाज ऐकला असेल.
परीक्षक तेच म्हणेल. मीही म्हटलं असतं.

बस आली. मॉरीनने मिठाई दिली होती,
ती द्यायला विसरलो म्हणून पायरीवरून परतले,
कागदी पिशवी माझ्या हातात कोंबली.
“उद्या काय करशील, पेट?”
“अजून ठरलं नाही.”
“तरी सांग,” म्हणाले,
आणि स्वतःच हसत चढले.

इथे फुटपाथ बसच्या डावीकडे असतो.
ते खिडकीशी बसले, समोर बघत.
मी चुकीच्या बाजूला उभी होते, ठाऊक होतं.
हात हलवला.
बस चौकात वळली,
तरी हलवत राहिले.
शंभरात एक्क्याऐंशी.